चाचणीचं स्थळ

“एकदा वेबसाइट करून घेतली की झालं की गं. दर वर्षी तिला काय खायला घालायचंय?”

इंदूताई खराडे हे मला विचारत होत्या तेव्हा त्यांच्या पुढ्यात टेबलभर मुलामुलींचे फोटो पसरले होते. बोलता बोलता त्या एकीकडे जोड्या लावत होत्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं ‘जोडवी वधू-वर सूचक केंद्र’ होतं. दोन खोल्या, चार खुर्च्या, आणि भिंतीवर त्यांनी जुळवलेल्या लग्नांचे फोटो इतके, की भिंतीचा रंग कुठला हे कुणाला सांगता आलं नसतं. त्यांची वेबसाइट मी नुकतीच करून दिली होती आणि आता तिच्या देखभालीचा वार्षिक करार त्यांच्या गळ्यात मारायला गेले होते.

“ताई, तुमचं काम लग्न लागलं की संपतं,” मी म्हटलं. “माझं काम लग्न लागल्यावर सुरू होतं. साइट करणं म्हणजे अक्षता टाकणं. पुढचा संसार कोण बघणार? आज फॉर्म चालतो, उद्या बंद पडतो. कुणीतरी परदेशात बसून तुमच्या मुलींच्या यादीत घुसतो आणि औषधांच्या जाहिराती टाकतो. मग मुलीच्या आईचा फोन कुणाला येणार? मला नाही, तुम्हाला.”

हे संसाराचं मी खास त्यांच्यासाठी तयार केलं होतं. दातांच्या डॉक्टरांना मी दात घासायचं सांगायची, मोटरसायकलच्या शोरूमवाल्याला ऑइल बदलायचं. तेव्हा वेबसाइट सगळ्यांना हवी असायची, पण ती सांभाळावी लागते हे पटवताना माझ्या तोंडाला फेस यायचा. लोकांना वाटायचं, पाटी एकदा रंगवली की रंगवली.

इंदूताई हसल्या. “बोलायला भारी आहेस. लग्नाचं एवढं कळतंय तर स्वतःचं का करत नाहीस?”

“विषय बदलू नका.”

“चौतिसावं लागलं ना तुला? आई सांगत होती तुझी.”

माझी आई आणि इंदूताई एकाच भजनी मंडळात. तिथं भजन किती व्हायचं देव जाणे, माझा विषय मात्र दर गुरुवारी निघायचा.

“ताई, मी तुमची साइट सांभाळणार आहे. मी तुमचं गिऱ्हाईक नाही,” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला.

मला राग लवकर येतो. आणि या विषयावर तर यायचाच. कॉलेज संपल्यापासून पुढची कितीतरी वर्षं मी दाखवून घेण्यात घालवली होती. पोह्यांच्या ताटल्या, साडीच्या निऱ्या, “चष्मा कायमचा आहे का” हा प्रश्न. मग दोन-चार दिवसांनी निरोप यायचा. बाबा गेले त्या वर्षी मी आईला सांगून टाकलं की आता हातात ताट घेणार नाही, कुणी स्थळ आणलं तर त्याच्यासमोरच दार लावीन. तसं एकदा लावलंही. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात माझ्या लग्नाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

करार झाला. इंदूताईंनी सही करताना “बघू तुझा संसार” म्हटलं आणि पहिल्याच महिन्यात आमचं वाजलं.

त्यांना साइटवर एक सोय हवी होती. कुणी एखाद्या स्थळात रस दाखवला, तर समोरच्याला तिथल्या तिथं उत्तर देता यावं. मी दोन बटणं करून नेली. एक ‘पसंत’ आणि एक ‘नको’.

“नको?” इंदूताई खुर्चीतून उठल्याच. “अगं ए बाई, ‘नको’ असं तोंडावर कोण म्हणतं? पोराच्या आईला जेवण जाईल का?”

“मग काय लिहू?”

“लिही. पत्रिका जुळत नाही. अंतर फार वाटतं. मुलीला अजून शिकायचंय. इतक्यात विचार नाही. दुसरीकडं बोलणी चालली आहेत. यातलं एक निवडायचं आणि पाठवायचं.”

“आणि खरं कारण?”

“खरं कारण कुणाला पाहिजे असतं? समोरचा काय दुधखुळा आहे? त्याला कळतं. कळतं म्हणून तो परत विचारत नाही. परत विचारायचंच नसतं, रीत आहे ती. कुणाचं मन दुखत नाही आणि उद्या बाजारात भेटले तर एकमेकांना रामराम करता येतो.”

मी ती यादी साइटवर घातली. घालताना हसूही आलं आणि नाहीही. त्यातली बहुतेक कारणं मला पाठ होती.

आता त्या स्थळाचं सांगते. वेबसाइट सांभाळायची म्हणजे दर महिन्याला आतले सुटे भाग नवे करायचे असतात आणि ते केले की काहीतरी हमखास बिघडतं. म्हणून मग सगळे फॉर्म स्वतः भरून बघायचे. चालतात का, मेल पोचतो का, फोटो चढतो का. जोडवीचा नोंदणीचा फॉर्म मी दर महिन्याला भरायची. नाव अबक, उंची काहीतरी, शिक्षण अबक. काम झालं की काढून टाकायची. एकदा काढायच्या आत कुणाच्या तरी आईनं ते बघितलं आणि इंदूताईंना फोन केला, की तुमच्याकडं हल्ली काय वाट्टेल ती स्थळं येतात का.

“भरायचंच तर माणसासारखं भर,” इंदूताईंनी मला दम दिला. “बघणाऱ्याला शंका नाही आली पाहिजे.”

मग मी माणसासारखं भरलं. नाव वैदेही टाकलं, ते मला लहानपणापासून आवडायचं. बाकीचं सुचेना, म्हणून माझंच टाकत गेले. वय चौतीस. उंची माझी. चष्मा आहे. एमसीए. स्वतःचा व्यवसाय. घरी आई. शेवटचा रकाना ‘अपेक्षा’ हा होता, आणि त्यात निदान शंभर अक्षरं भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नसे. ही अट इंदूताईंचीच. लोक नुसतं ‘सुस्वभावी’ लिहून मोकळे होतात, म्हणून.

त्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘सकाळचा पहिला चहा होईपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नये, चहा झाल्यावर कितीही बोलावं. माझं काम मी सोडणार नाही. आई माझ्याजवळ राहील. घरात संध्याकाळी रेडिओ लागलेला असावा, बाबांच्या वेळी असायचा तसा. माणूस हसणारा असावा. गाव कुठलंही चालेल.’

एका दमात लिहिलं. मग परत वाचलं, आणि माझं मलाच कसंतरी झालं. चाचणी नीट पार पडली. फॉर्म गेला, मेल पोचला. ते स्थळ काढून टाकायला हवं होतं. त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी लक्षात होतं, तरी राहिलं. पुढच्या महिन्यात फॉर्म परत भरायच्या ऐवजी मी ते नुसतं उघडलं, बदल केल्यासारखं केलं आणि तसंच ठेवलं. कामाच्या गडबडीत राहून जातंय, असं मी स्वतःला सांगत होते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी माझ्या ऑफिसात दोन माणसं आली.

माझं ऑफिस म्हणजे शाहूपुरीत एका बेकरीच्या वरची खोली. दिवसभर खालून खारीचा वास यायचा. मी केसात पेन्सिल खोचून फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्याचं म्हणणं, माझी साइट बंद पडली, तुम्ही पैसे कशाचे घेता. मी म्हणत होते, “अहो, साइट चालू आहे, तुमचं इंटरनेट बंद आहे. मग आपण बोलतोय कशावर? फोनवर बोलतोय. फोन वेगळा आणि इंटरनेट वेगळं. आधी ती मागची वायर बघा. लोंबकळतेय? मग ती खोचा आणि मला माफी मागायला परत फोन करा.”

फोन ठेवून वळले तर दारात एक उंच माणूस हसू दाबत उभा. शेजारी नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई, हातात मोठी पिशवी.

“खोचली का वायर?” त्यानं विचारलं.

“खोचतोय,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्यानं नाव सांगितलं, प्रल्हाद देसाई. गारगोटीचा. बाई त्याच्या आत्या. “इंदूताईंनी पाठवलं,” तो म्हणाला. मला वाटलं, केंद्रात नाव घालायला आलेत आणि फॉर्म भरताना काही अडलंय. इंदूताई अशी माणसं अधूनमधून माझ्याकडं पिटाळायच्या. मी त्यांना बसवलं. आत्या जिना चढून दमल्या होत्या, म्हणून कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा टाकला आणि खालून खारी मागवली.

आत्या सगळीकडं बघत होत्या. खोली बघितली, कॉम्प्युटर बघितला, मला तर दोनदा बघितलं.

“च्या चांगला केलाईस,” त्या म्हणाल्या. “घरी कोन कोन अस्तंय?”

“आई आणि मी.”

“सैपाक कोन करतंय?”

“आई. मी भाकरी करते. माझ्या भाकरीला आई नावं ठेवत नाही, तेवढ्यावर समजा.”

आमच्या भागात हे असं कुणीही कुणालाही विचारतं. बसमध्ये शेजारची बाई विचारते. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आत्यांच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. अंबाबाईला जाऊन आल्या असतील किंवा जाणार असतील, असं मी मनात म्हटलं.

“आत्या, जरा चहा पिऊ दे त्यांना,” प्रल्हाद म्हणाला. “पहिलाच आहे की दुसरा?”

“कितवा ते मोजायचं नसतं,” मी म्हटलं.

मग तो आपण होऊन स्वतःचं सांगायला लागला. मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या पंपांच्या मोटारी जळल्या की माणसं त्याच्याकडं आणतात. तारा काढायच्या, नव्या भरायच्या. आईवडील नाहीत, आत्यानं वाढवलं. वय अडतीस. “मुलींना पुण्यातला पाहिजे असतो,” तो म्हणाला. “गारगोटी म्हटलं की फोनच कट होतो. तुमच्या साइटवर ती नकाराच्या कारणांची यादी आहे ना? सगळी येऊन गेलीत मला. पत्रिका तर अशांचीसुद्धा जुळली नाही, ज्यांना मी पत्रिका दिलीच नव्हती.”

मी इतकी हसले की चहा सांडला. तोही हसत होता, आणि त्या हसण्यात कडवटपणा म्हणून नव्हता. मला तो माणूस आवडला. हे मी आज सरळ सांगते, तेव्हा मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मग त्यानं कप खाली ठेवला, आत्यांकडं बघितलं आणि म्हणाला, “तर ते वैदेही नावानं एक स्थळ आहे ना तुमच्याकडं. त्यासाठी आम्ही आलोय.”

म्हणजे हा नाव घालायला आलेला नव्हता. नसलेल्या मुलीला बघायला गारगोटीहून आला होता, म्हाताऱ्या आत्याला घेऊन, नारळ घेऊन. आणि माझा घोळ मीच निस्तरावा म्हणून इंदूताईंनी त्यांना माझ्याकडं पाठवलं होतं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

“अहो,” मी म्हटलं, “कसं सांगू. ते स्थळ खरं नाही.”

आत्यांचा हात पिशवीवर होता, तो तिथंच थांबला.

“खरं नाही म्हणजे?” प्रल्हादनं विचारलं.

“म्हणजे अशी मुलगीच नाही. फॉर्म चालतो का नाही हे दर महिन्याला बघावं लागतं, त्यासाठी मीच भरलंय ते. चाचणीचं आहे.”

“तुम्हीच भरलंय, एवढं ताईंनी सांगितलं होतं.”

“मग झालं तर,” मी म्हटलं. मी कुणा मैत्रिणीच्या वतीनं भरलं असं त्याला वाटलं असणार, असं मी धरून चालले. मला कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं. “काढून टाकायला पाहिजे होतं, राहून गेलं. तुम्हाला एवढ्या लांब यायला लागलं, मला फार वाईट वाटतंय. पण खरंच सांगते, त्यात काही नाही.”

तो माझ्याकडं बघत होता.

“ते सकाळच्या चहाचं लिहिलंय,” तो म्हणाला. “तेही चाचणीचंच?”

“सगळंच चाचणीचं.”

“आणि रेडिओचं?”

“तेही. शंभर अक्षरं भरावी लागतात.”

“असं होय.” त्यानं आपल्या हातांकडं बघितलं. नखांत काळं व्हार्निश बसलेलं होतं, बहुधा घासून घासूनही गेलं नव्हतं. “आमच्याकडं वडलांचा रेडिओ आहे. बरीच वर्षं माळ्यावर पडला होता. परवा काढून दुरुस्त केला. चांगला लागतोय.”

माझ्या जिभेवर आलं होतं. देवाशपथ आलं होतं, की अहो, नाव खोटं आहे, बाकी सगळं माझंच आहे. चहा माझा आहे, रेडिओ माझ्या बाबांचा आहे. पण हा माणूस वैदेहीसाठी आलेला. हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर दुकानदार दुसरीच पुढं करतो, तसं मी काय म्हणणार होते, ती नाही पण मी आहे, मी चालेन का? केसात पेन्सिल, अंगावर चहा सांडलेला. इतकी वर्षं दार लावून बसलेली मी. नाही जमलं मला.

आत्या उठल्या. पिशवीची चेन त्यांनी नारळाच्या शेंडीवरून ओढून घेतली. “चल रं प्रल्हाद,” त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही असं क्षणभर त्यांचं झालं, आणि मग त्यांनी ठेवला. “सुखात ऱ्हा पोरी.”

प्रल्हादनं पिशवीतून काकवीची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. “घरची आहे. राहू दे.”

“अहो, कशाला? माझ्यामुळं तर तुम्हाला उलट हेलपाटा पडला.”

“तसं काही नाही,” तो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. “तुम्ही फार चांगल्या पद्धतीनं सांगितलंत. राग नाही मनात.”

हे वाक्य मला जरा विचित्र वाटलं. पण गारगोटीकडची माणसं अशीच सभ्य असतील, म्हणून मी सोडून दिलं.

त्याच संध्याकाळी मी इंदूताईंना फोन केला. “ताई, ती गारगोटीची माणसं येऊन गेली. मी समजावून सांगितलं त्यांना.”

“कळलं,” त्या म्हणाल्या. “प्रल्हादचा फोन येऊन गेला.”

एवढंच. इंदूताईंच्या फोनवर एरवी माझा कान गरम व्हायचा. माझ्या चाचणीपायी त्यांच्या माणसाला मनस्ताप झाला म्हणून चिडल्या असणार, असं मला वाटलं. “ते स्थळ मी आत्ताच्या आत्ता काढून टाकते,” मी म्हटलं.

“तुझी मर्जी,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी ते काढून टाकलं. काढायच्या आधी ती शंभर-दोनशे अक्षरं एकदा वाचली, आणि स्वतःवरच चिडून बटण दाबलं. काकवी आईला दिली. ती म्हणाली, असली काकवी कोल्हापुरात मिळत नाही, कुणी दिली? मी म्हटलं, एका गिऱ्हाइकानं.

त्यानंतर इंदूताई माझ्याशी तुटक वागायला लागल्या. कामापुरतं बोलायच्या. माझ्या लग्नाचा विषय त्यांनी एकदासुद्धा काढला नाही. मला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. गारगोटीचाही विचार यायचा मध्येच. मोटारींत तारा भरणारा, आणि संध्याकाळी रेडिओ लावणारा. जाऊन भेटायला काही निमित्तच नव्हतं. एकदा वाटलं, त्याला दुकानाची वेबसाइट करायची आहे का म्हणून विचारावं. मग वाटलं, विहिरीवरच्या मोटारींना कसली वेबसाइट.

थंडीच्या दिवसांत महिन्याच्या कामाला मी केंद्रात गेले होते. साइटवर ‘शुभमंगल’ म्हणून एक पान होतं. जुळलेल्या लग्नांचे फोटो तिथं चढवायचे, हे माझ्याच करारात. इंदूताईंनी तीन-चार फोटो पाठवले होते. मी एकेक उघडून कापूनछाटून लावत होते. मग तिसरा उघडला.

मुंडावळ्यांमुळं आधी ओळखलाच नाही. मग ते हसू दिसलं. शेजारची मुलगी गव्हाळ, चांगली ठसठशीत, हसत होती. मागं आत्या, नव्या लुगड्यात.

“ताई, हे तर ते!” मी म्हटलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. “ते चाचणीच्या स्थळाला फसून आले होते ना, ते.”

इंदूताई पलीकडं पाकिटं चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली.

“फसून?”

“ती वैदेही नव्हती का. ती खरी समजून आले होते बिचारे.”

इंदूताईंनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा काढला. “पद्मा, तू माझी थट्टा करतेस का?”

“कसली थट्टा?”

“अगं, तो वैदेहीला बघायला नव्हता आला. तुला बघायला आला होता.”

मला काही कळेना. खरंच कळेना.

“ते स्थळ तुझं आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं,” त्या म्हणाल्या. “वय तुझं, चष्मा तुझा, आई तुझी. तुझ्या बाबांचा रेडिओ तुमच्या गल्लीला ऐकू जायचा. मला वाटलं, पोरीला सरळ बोलायची लाज वाटतेय, म्हणून असं आडून नाव घातलंय. आणि ते काढतही नव्हतीस. प्रल्हादनं ते वाचलं आणि मला म्हणाला, ताई, ही बाई कोण आहे, मला भेटायचंय. मी त्याला सगळं सांगितलं. नाव पद्मजा चौगुले आहे, हट्टी आहे, पोह्यांच्या कार्यक्रमाला बसणार नाही. तिच्या ऑफिसात जा, विषय तूच काढ, ती ओळखेल. तुला आधी सांगितलं असतं तर तू दार लावलं असतंस. लावलं नसतंस?”

लावलं असतं.

“आणि तू त्याला काय सांगितलंस? तो मला फोनवर म्हणाला, ताई, आजवर इतके नकार ऐकले, पण असा नाही ऐकला. पत्रिका नाही काढली, अंतर नाही काढलं. बाई म्हणाल्या, अशी मुलगीच नाही. माझं मन राखायला बिचारीनं स्वतःलाच खोटं ठरवलं, म्हणाला.”

“पण ते खरं होतं!” मी ओरडले. “ते चाचणीचंच होतं, ताई. मी खरं तेच सांगितलं!”

“सगळं खरं होतं?”

त्या दुपारचं एकेक आठवत गेलं. आत्यांचे प्रश्न, भाकरी, पिशवीतला नारळ. माझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात. मी त्या दिवशी चहा करून दिला होता, खारी पुढं केली होती. मला दाखवून झालं होतं, आणि मी पसंत पडले होते. आयुष्यात एकदा साडी न नेसता, पेन्सिल खोचलेल्या डोक्यानं पसंत पडले होते.

“मग मला का नाही विचारलंत?” मी म्हटलं. मला रडायला यायला लागलं होतं आणि त्याचा राग येत होता. “एका शब्दानं विचारायचं होतंत. दर महिन्याला येत होते मी तुमच्याकडं!”

“नकारावर परत विचारायचं नसतं, पद्मा,” इंदूताई हळू म्हणाल्या. “त्यानंही म्हणूनच नाही विचारलं. त्यात त्याच संध्याकाळी तू ते स्थळच काढून टाकलंस. मी तुझ्यावर रागावले होते. इतका चांगला माणूस घालवला म्हणून रागावले होते. आईला काही बोलले नाही, तिच्या जिवाला घोर नको.”

कुणी केव्हा काय म्हणायला हवं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या क्षणी केला नाही. स्क्रीनवर तो फोटो तसाच होता.

“तो लाव बाई तेवढा,” इंदूताई म्हणाल्या. “त्याच्या बायकोचा दोनदा फोन आला. गावात सगळ्यांना दाखवायचाय म्हणते.”

मी डोळे पुसले आणि फोटो घेतला. बाजूला मांडवाचा खांब येत होता, तो कापला. उजेड कमी होता, तो वाढवला. आत्यांचा चेहरा अर्धा कापला जात होता म्हणून चौकट परत सरकवली. खाली नावं टाकली, दोघांची. पान जतन केलं आणि उघडून बघितलं, व्यवस्थित दिसत होतं.

घरी गेले तर आई म्हणाली, ती काकवी संपली, त्या गिऱ्हाइकाकडं आणखी मिळेल का बघ. मी म्हटलं, ते गिऱ्हाईक आता नाही.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. इंदूताई थकल्यात, पण केंद्रात रोज येऊन बसतात. जोडवीचा करार दर वर्षी होतो, आणि आता तो कशासाठी हे मला त्यांना समजावून सांगावं लागत नाही. प्रल्हादचा फोटो ‘शुभमंगल’मध्ये आहे. जुने फोटो दोन-तीन वर्षांनी उतरवायचे, असं आमचं ठरलेलं आहे. तो मी अजून उतरवलेला नाही, आणि इंदूताईंनी त्याबद्दल कधी विचारलेलं नाही.

नोंदणीचा फॉर्म मी आजही दर महिन्याला भरून बघते. अपेक्षांच्या रकान्यात आता अबकअबकअबक असं भरत जाते. इंदूताई शेजारी बसून बघतात आणि काही म्हणत नाहीत. शंभर अक्षरं झाली की फॉर्म पुढं जातो.